नाटो आणि वॉर्सा करार : दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप दोन छावण्यांत कसा विभागला गेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शीतयुद्धाबद्दल मराठीत वाचायला बरेच मिळते, पण बहुतेक ठिकाणी सन-सनावळ्या असतात आणि कारणे गळालेली असतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. नाटो म्हणजे अमेरिकेच्या पुढाकाराची पश्चिमेकडची लष्करी आघाडी, आणि वॉर्सा करार म्हणजे सोव्हिएत संघाच्या हाताखालची पूर्वेकडची. करारांची कलमे जिथे निर्णायक आहेत तिथे ती उलगडून सांगितली आहेत, कारण या विषयातले निम्मे गैरसमज कलमे न वाचल्याने होतात.

युरोपला दुभंगणारी रेषा नेमकी कुठून जात होती?

उत्तरेला बाल्टिक समुद्रावरच्या ल्युबेक शहराजवळ ती सुरू व्हायची. तिथून दक्षिणेकडे पश्चिम जर्मनी (नाटो) आणि पूर्व जर्मनी (वॉर्सा करार) या दोन जर्मनींमधली 1,393 किलोमीटरची सीमा आणि त्याखाली बव्हेरिया-चेकोस्लोव्हाकिया सीमा. पुढे ऑस्ट्रिया लागतो. तो कुठल्याच लष्करी गटात नव्हता, पण त्याची हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाकडची सीमा काटेरी तारांनी बंद होती. युगोस्लाव्हियाही बाहेरच. मग ग्रीस-अल्बानिया, ग्रीस-बल्गेरिया आणि तुर्कस्तान-बल्गेरिया या सीमांवर दोन्ही गट पुन्हा समोरासमोर यायचे.

खुद्द सोव्हिएत संघाच्या भूमीला नाटोचे देश दोनच ठिकाणी भिडत होते. एक नॉर्वे, जिथे सीमा 196 किलोमीटर होती, आणि दुसरा तुर्कस्तान. म्हणूनच नॉर्वेने शांतताकाळात परकीय तळ आणि अण्वस्त्रे आपल्या भूमीवर ठेवू दिली नाहीत. आघाडीत राहायचे, पण शेजाऱ्याला डिवचायचे नाही, हे धोरण त्या देशाने चार दशके सांभाळले.

चर्चिल यांनी 5 मार्च 1946 रोजी अमेरिकेतल्या फुल्टन इथल्या भाषणात स्टेटिनपासून त्रिएस्तेपर्यंत 'पोलादी पडदा' उतरल्याचे म्हटले. ते वर्णन गाजले, पण त्यावरून नंतरचा नकाशा काढू नका. स्टेटिन पोलंडमध्ये गेले आणि पूर्व जर्मनी त्याच्याही पश्चिमेला होता. दक्षिण टोकाला युगोस्लाव्हिया 1948 मध्येच स्टॅलिनच्या गोटातून बाहेर पडला.

ही वाटणी याल्टा परिषदेत ठरली, हे खरे का?

अर्धेच खरे. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन जमले, त्याआधीच बरेच काही ठरले होते. जर्मनीचे व्यापलेले विभाग कसे आखायचे, याचा मसुदा लंडनमधल्या युरोपीय सल्लागार आयोगाने केला होता आणि त्यावर 12 सप्टेंबर 1944 रोजी सह्या झाल्या होत्या. बर्लिन सोव्हिएत विभागात खोलवर राहील आणि तरीही ते शहर सर्व विजेते वाटून घेतील, ही पुढच्या सगळ्या संकटांची मुळे असलेली व्यवस्था त्याच कागदावर आहे. याल्टात फ्रान्सला वाटा द्यायचे ठरले, म्हणून विभाग तिनाचे चार झाले.

ऑक्टोबर 1944 मध्ये मॉस्कोला चर्चिल यांनी स्टॅलिनपुढे एक चिठ्ठी सरकवली होती. रुमानियात 90 टक्के प्रभाव रशियाचा, ग्रीसमध्ये 90 टक्के ब्रिटनचा, हंगेरी आणि युगोस्लाव्हियात निम्मानिम्मा, बल्गेरियात 75 टक्के रशियाचा, असे त्यात आकडे होते. हा करार नव्हता, पण ग्रीसच्या बाबतीत स्टॅलिनने ती वाटणी बऱ्याच अंशी पाळली.

खरा निर्णय मात्र फौजांनी केला. 1945 च्या वसंतात सोव्हिएत लाल सेना जिथे पोहोचली, तिथे तिच्या मर्जीतली सरकारे आली. ठळक अपवाद मध्य जर्मनीचा. लाइपझिग आणि एरफुर्टपर्यंत अमेरिकी फौजा पोहोचल्या होत्या. तिथून त्या जुलै 1945 च्या सुरुवातीला मागे हटल्या, कारण 1944 च्या नकाशाप्रमाणे तो भाग सोव्हिएत विभागात होता. त्याच दिवसांत त्या पश्चिम बर्लिनमध्ये शिरल्या.

पोलंडच्या सीमा सरकल्या म्हणजे काय झाले? कोल्हापूरजवळच्या पोलिश छावणीचा याच्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाने ठेवून घेतला आणि बदल्यात पोलंडला पश्चिमेकडे ओडर आणि नायसे नद्यांपर्यंतची जर्मन भूमी मिळाली. आख्खा देश पश्चिमेला सरकला. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे पोलंडमध्ये उरलीच नव्हती, आणि पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आली होती. म्हणून 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली तेव्हा त्यांतले अनेकजण ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा परक्या देशांत गेले. नकाशावर रेघ सरकते तेव्हा माणसांचे काय होते, ते आपल्या अंगणातल्या या उदाहरणावरून कळते.

दोस्त राष्ट्रांत फूट कोणत्या टप्प्यांनी पडली?

12 मार्च 1947 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी 40 कोटी डॉलर मागितले. जूनमध्ये युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकी मदतीची मार्शल योजना जाहीर झाली. चेकोस्लोव्हाकियाने तिला होकार दिला होता, पण जुलैमध्ये मॉस्कोच्या दबावाखाली तो मागे घेतला. फेब्रुवारी 1948 मध्ये प्रागमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता पूर्णपणे ताब्यात घेतली. त्याने पश्चिम युरोप हादरला आणि 17 मार्च रोजी ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रसेल्स करार केला. नाटोचा पाया हाच. पण पाचही देश युद्धाने खंगलेले होते आणि अमेरिकेशिवाय हा करार पोकळ आहे, हे सह्या करणाऱ्यांनाही ठाऊक होते.

बर्लिनची नाकेबंदी कशी मोडली? विमानांनी आख्खे शहर जगवणे कसे शक्य झाले?

20 जून 1948 रोजी जर्मनीच्या पश्चिमेकडील तीन (अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच) विभागांत डॉइश मार्क हे नवे चलन आले. चार दिवसांनी, 24 जूनला, सोव्हिएत सेनेने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. हे शहर पश्चिम विभागाच्या सीमेपासून सुमारे 170 किलोमीटर आत होते आणि त्यात वीस लाखांहून अधिक लोक राहत होते.

इथे एक कागदोपत्री बाब निर्णायक ठरली. रस्ते आणि रेल्वेच्या हक्काबद्दल लेखी हमी कधी घेतलीच गेली नव्हती. हवाई मार्गांबद्दल मात्र नोव्हेंबर 1945 मध्ये लेखी मान्यता झाली होती. प्रत्येकी 32 किलोमीटर रुंदीचे तीन पट्टे ठरले होते. ते अडवायचे तर विमाने पाडावी लागली असती, आणि तेवढे युद्ध स्टॅलिनला नको होते.

शहराला रोज किमान साडेचार हजार टन माल हवा होता. एकूण मालात दोन तृतीयांश वाटा कोळशाचा. सुरुवातीला वापरलेल्या सी-47 विमानात जेमतेम तीन टन मावत, म्हणून दहा टनांची सी-54 विमाने जगभरातून गोळा केली. तरी 13 ऑगस्ट 1948 रोजी सगळे कोलमडले. ढग खाली आलेले, टेम्पलहॉफ धावपट्टीच्या टोकाला एक विमान कोसळून जळाले, दुसऱ्याचे टायर फुटले, आणि वर विमानांची चळत घिरट्या घालत राहिली. त्यानंतर मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर यांनी नियम बदलले. उत्तर आणि दक्षिण पट्ट्यातून फक्त यायचे, मधल्या पट्ट्यातून फक्त परतायचे. हवा स्वच्छ असली तरी उपकरणांवरच उडायचे. उतरण्याची एकच संधी. ती हुकली तर घिरटी घालायची नाही, मालासकट थेट माघारी. या एका नियमाने आकाशातली कोंडी संपली आणि दर तीन मिनिटांना एक विमान उतरवणे शक्य झाले.

फ्रेंच विभागात टेगेलचा नवा विमानतळ तीन महिन्यांच्या आत उभा राहिला. मजुरांत बर्लिनच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. 16 एप्रिल 1949 या एका दिवसात जवळपास तेरा हजार टन माल उतरला. त्यानंतर नाकेबंदीला अर्थ उरला नाही आणि 12 मे 1949 रोजी ती उठली. विमाने मात्र साठा करण्यासाठी सप्टेंबरअखेरपर्यंत येत राहिली. एकूण सुमारे 23 लाख टन माल, पावणेतीन लाखांहून अधिक उड्डाणे.

नाकेबंदी चालू असतानाच नाटोचा करार झाला, हे लक्षात घ्या. अमेरिकेत शांतताकाळातल्या लष्करी आघाड्यांना फार जुना विरोध होता, आणि तो मावळण्यात बर्लिनचा वाटा मोठा आहे.

नाटोचे संस्थापक सदस्य कोण? आइसलँड आणि पोर्तुगाल त्यात कसे आले?

4 एप्रिल 1949 रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी सह्या केल्या : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलँड, इटली आणि पोर्तुगाल. करार 24 ऑगस्टला अमलात आला. पाचच दिवसांनी सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली.

आइसलँडला सैन्यच नव्हते. हवी होती ती त्याची जागा, अटलांटिकच्या मधोमध. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती, आणि कराराच्या प्रस्तावनेत तर लोकशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा आहे. तरी त्याला घेतले, कारण अझोर्स बेटांवरचे तळ. जिथे भूगोल आणि तत्त्व यांची टक्कर झाली तिथे भूगोल जिंकला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ग्रीस आणि तुर्कस्तान फेब्रुवारी 1952 मध्ये आले, स्पेन 1982 मध्ये.

पाचव्या कलमाप्रमाणे एका सदस्यावर हल्ला झाला की सर्वांना आपोआप युद्धात उतरावे लागते का?

नाही. एकावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल, इथपर्यंत कलम ठाम आहे. पुढे मात्र प्रत्येक सदस्याने 'त्याला आवश्यक वाटेल ती कृती' करायची आहे. सशस्त्र बळाचा वापर हा त्यातला एक पर्याय आहे, सक्ती नाही. ही सैल शब्दरचना अमेरिकी सिनेटसाठी होती, कारण युद्ध पुकारण्याचा अधिकार तिथे काँग्रेसकडे आहे. अकराव्या कलमातही प्रत्येक देशाच्या घटनात्मक प्रक्रियेचा उल्लेख आहे.

कागदावर सैल असलेली ही हमी जमिनीवर घट्ट केली ती अमेरिकी सैनिकांनी. पश्चिम जर्मनीत ते इतक्या संख्येने होते, की हल्ला झाला असता तर पहिल्या दिवशीच अमेरिकी माणसे मेली असती. मग वॉशिंग्टनला बाजूला राहणे अशक्य होते.

शीतयुद्धाच्या आख्ख्या काळात हे कलम एकदाही लागू झाले नाही. ते एकदाच लागू झाले, 12 सप्टेंबर 2001 रोजी, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर.

करारानंतर लगेच मोठे संयुक्त सैन्य उभे राहिले का?

नाही, 1950 पर्यंत नाटो म्हणजे बहुतांशी कागद होता. जून 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि असाच हल्ला जर्मनीत होईल ही भीती पसरली. एप्रिल 1951 पासून अमेरिकी जनरल आयझेनहॉवर यांच्या हाताखाली संयुक्त मुख्यालय सुरू झाले. युरोपातला सरसेनापती अमेरिकी आणि सरचिटणीस युरोपीय, हा पायंडा तेव्हापासूनचा. पहिले सरचिटणीस लॉर्ड इस्मे यांचा जन्म नैनितालचा, आणि 1947 मध्ये ते दिल्लीत माउंटबॅटन यांचे प्रमुख सहायक होते.

फेब्रुवारी 1952 मध्ये लिस्बनच्या बैठकीत 1954 पर्यंत 96 डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) उभारायचे ठरले. ते कधीच झाले नाही. युरोपचे कारखाने आणि घरे अजून बांधायची होती, आणि तेवढ्या सैन्याचा खर्च कोणालाच पेलणारा नव्हता. त्याऐवजी अण्वस्त्रांवर भिस्त वाढली. पुढच्या पस्तीस वर्षांतली युरोपची अणुभीती या हिशेबातून आली आहे.

नाटो 1949 चा, मग वॉर्सा करार 1955 मध्ये का? सहा वर्षे सोव्हिएत संघ काय करत होता?

त्याला तोवर अशा कराराची गरजच नव्हती. पूर्व युरोपातल्या देशांशी त्याचे स्वतंत्र द्विपक्षीय तह होते, सल्लागार त्यांच्या सैन्यात बसलेले होते आणि फौजा जागेवर होत्या. बदलले ते जर्मनीमुळे.

पश्चिम जर्मनीला शस्त्रे द्यायची का, या प्रश्नावर पश्चिमेत चार वर्षे घोळ चालला. फ्रान्सने ऑक्टोबर 1950 मध्ये तोडगा मांडला : जर्मन सैनिक एका संयुक्त युरोपीय सैन्यात घ्यायचे, म्हणजे स्वतंत्र जर्मन सेना नको. मे 1952 मध्ये त्या करारावर सह्या झाल्या, आणि 30 ऑगस्ट 1954 रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो फेटाळला. मग ऑक्टोबर 1954 च्या पॅरिस करारांनी सरळ मार्ग घेतला. पश्चिम जर्मनी नाटोत येईल, पण आपल्या भूमीवर अण्वस्त्रे, जैविक आणि रासायनिक अस्त्रे बनवणार नाही.

त्याआधी, 31 मार्च 1954 रोजी, सोव्हिएत संघाने आपल्यालाच नाटोत घ्या असा खलिता पाठवला होता. पश्चिमेने तो नाकारला. हेतू बहुधा जर्मन शस्त्रसज्जता लांबवण्याचा होता, पण खलिता खरा आहे.

यानंतरचा दहा दिवसांचा क्रम पाहा. 5 मे 1955 रोजी पश्चिम जर्मनीवरचा ताबा संपला, 6 मे रोजी तो नाटोचा सदस्य झाला, 14 मे रोजी वॉर्सात आठ देशांनी करार केला : सोव्हिएत संघ, पोलंड, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया आणि अल्बानिया. आणि 15 मे रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाच्या स्वातंत्र्याच्या तहावर सह्या झाल्या.

शेवटच्या दोन तारखा लागोपाठ आहेत त्यालाही अर्थ आहे. 1947 च्या शांततातहांनुसार हंगेरी आणि रुमानियात सोव्हिएत सैन्य ठेवायला एकच आधार होता : ऑस्ट्रियातल्या फौजांची रसदवाट सांभाळणे. ऑस्ट्रियातून फौजा निघणार म्हणजे तो आधार जाणार. वॉर्सा कराराने आदल्याच दिवशी नवा आधार पुरवला. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हा मुद्दा येत नाही, आणि आमच्या मते तो जर्मनीच्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आघाडीतून बाहेर पडता येत होते का?

दोन्ही गटांतला खरा फरक शोधायचा तर या प्रश्नाशी थांबा. मदतीची कलमे दोन्ही करारांत जवळजवळ सारखी आहेत. वॉर्सा कराराचे आठवे कलम तर एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे वचन देते.

1966 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या संयुक्त लष्करी रचनेतून बाहेर काढले आणि परकीय तळ हटवायला सांगितले. वर्षभरात मुख्यालये आवरली गेली. राजकीय कार्यालय ब्रसेल्सला गेले, लष्करी मुख्यालय बेल्जियममधल्याच मॉन्सजवळ. अमेरिकी नेते संतापले, पण एकही गोळी सुटली नाही. फ्रान्सने करार सोडला नव्हता, ही नोंद महत्त्वाची. लष्करी रचनेत तो 2009 मध्ये परतला. ग्रीसही सायप्रसच्या प्रश्नावरून 1974 ते 1980 लष्करी रचनेबाहेर होता.

हंगेरीत इम्रे नॉज यांच्या सरकारने 1 नोव्हेंबर 1956 रोजी वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. 4 नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. सुमारे दोन लाख लोक देश सोडून पळाले. नॉज यांना जून 1958 मध्ये फाशी दिली गेली. चेकोस्लोव्हाकियाने तर बाहेर पडण्याची मागणीही केली नव्हती. तिथे फक्त सेन्सॉरशिप उठवली होती आणि सुधारणा चालू होत्या. तरी 20 ऑगस्ट 1968 च्या रात्री सोव्हिएत, पोलिश, हंगेरियन आणि बल्गेरियन फौजा आत आल्या. वॉर्सा कराराच्या सैन्याची युरोपातली एकमेव मोठी संयुक्त मोहीम स्वतःच्याच सदस्यावर झाली.

मग अल्बानिया कसा निसटला? 1961 पासून त्याने भाग घेणे थांबवले आणि 1968 मध्ये रीतसर करार सोडला. मध्ये युगोस्लाव्हिया असल्याने सोव्हिएत फौजेला तिथे जमिनीवरून पोहोचता येत नव्हते. रुमानियातून सोव्हिएत सैन्य 1958 मध्येच गेले होते, म्हणून 1968 च्या मोहिमेला तो नकार देऊ शकला. फौज कुठे उभी आहे, यावर सगळे अवलंबून होते.

युद्ध झालेच असते तर कुठे आणि कसे, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते?

पश्चिम जर्मनीत. नाटोने सीमेचे उत्तरेकडून दक्षिणेकडे पट्टे पाडून प्रत्येक कोअरला (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या सैन्यदलाला) एकेक दिला होता : डच, जर्मन, ब्रिटिश, बेल्जियन, पुन्हा जर्मन, दोन अमेरिकी आणि शेवटी जर्मन. राजकीयदृष्ट्या हे उत्तम होते, कारण कुठेही हल्ला झाला तरी अनेक देश ओढले जाणार. लष्करीदृष्ट्या मात्र ते अडचणीचे. सर्वांत सपाट, रणगाड्यांना सोपा प्रदेश उत्तरेला होता आणि सर्वांत बलाढ्य अमेरिकी कोअर दक्षिणेला. अमेरिकी पट्ट्यातली धोक्याची जागा म्हणजे फुल्डाची खिंड, जिथून फ्रँकफुर्ट सुमारे शंभर किलोमीटरवर आहे.

अमेरिकेची दुसरी अडचण समुद्राची. म्हणून रणगाडे आणि गाड्या आधीच जर्मनीतल्या गोदामांत भरून ठेवल्या होत्या. 1969 पासून दर वर्षी फक्त माणसे विमानाने आणून ती गोदामे उघडण्याचा सराव व्हायचा.

सोव्हिएत बाजूची अडचण रुळांची. सोव्हिएत रेल्वेचा गेज 1,520 मिलिमीटर, पोलंड आणि जर्मनीचा 1,435. त्यामुळे ब्रेस्टसारख्या सीमेवरच्या ठाण्यांत प्रत्येक गाडीचा माल उतरवून चढवायचा किंवा डब्यांच्या खालची चाके बदलायची. शिवाय वाट पोलंडमधून जाणारी, आणि 1980 नंतर तिथे सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे संप. म्हणून 1986 मध्ये लिथुआनियातल्या क्लायपेडापासून पूर्व जर्मनीतल्या मुक्रानपर्यंत रेल्वेचे डबे वाहणारी फेरीबोट सुरू केली. पोलंडला पूर्ण वळसा.

1979 ते 1987 मधला क्षेपणास्त्रांचा वाद काय होता?

सोव्हिएत संघाने एसएस-20 ही पश्चिम युरोपावर रोखलेली फिरती क्षेपणास्त्रे आणली. नाटोने 12 डिसेंबर 1979 रोजी दुहेरी निर्णय घेतला : वाटाघाटी करू, आणि त्या फसल्या तर 108 पर्शिंग-2 आणि 464 क्रूझ क्षेपणास्त्रे युरोपात बसवू. त्या फसल्या. 1983 च्या शरदात बॉन, लंडन, रोम अशा शहरांत लाखोंचे मोर्चे निघाले, तरी क्षेपणास्त्रे बसवली गेली. 8 डिसेंबर 1987 च्या करारात दोन्ही बाजूंनी 500 ते 5,500 किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरची क्षेपणास्त्रे पूर्णपणे मोडीत काढायचे ठरवले. एकूण 2,692 नष्ट झाली, त्यांतली 1,846 सोव्हिएत.

पोर्तुगाल नाटोचा सदस्य होता, मग 1961 मध्ये गोव्यासाठी नाटो का उतरली नाही?

कारण सहावे कलम. पाचव्या कलमाची हमी कुठल्या भूमीला लागू आहे ते तिथे लिहिले आहे : युरोप आणि उत्तर अमेरिकेतली सदस्यांची भूमी, तेव्हाचे फ्रेंच अल्जीरिया, तुर्कस्तान, आणि उत्तर अटलांटिक क्षेत्रातली कर्कवृत्ताच्या उत्तरेची बेटे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, गोवा साधारण पंधरा अंशांवर, आणि तोही आशियात. दोन्ही कसोट्यांवर गोवा बाहेर. सालाझारने गोव्याला वसाहत न म्हणता पोर्तुगालचा 'प्रांत' म्हटले तरी कलमात फरक पडत नव्हता.

तरी भारताला काळजी करण्यासारखे घडले होते. 1955 च्या अखेरीस सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतभेटीवर आले आणि त्यांनी गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेवर टीका केली. लगेच 2 डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे कुन्हा यांच्या संयुक्त निवेदनात त्या वक्तव्यांचा निषेध झाला, आणि त्यात आशियातल्या पोर्तुगीज ताब्याला 'प्रांत' म्हटले गेले. भारतात संतापाची लाट उसळली. युरोपातल्या दुफळीची झळ मांडवीच्या काठापर्यंत आली ती अशी.

18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्य आत शिरले आणि दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आले, जरी लिस्बनचा हुकूम शेवटपर्यंत लढण्याचा होता. ब्रिटनशी असलेल्या फार जुन्या मैत्रीतहाचाही पोर्तुगालला उपयोग झाला नाही. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या नाटोच्या चार सदस्यांनी मांडला. सात मते बाजूने, चार विरोधात, आणि विरोधातल्या चारांत सोव्हिएत संघाचा नकाराधिकार. लष्करी आघाडी म्हणून नाटो हलली नाही, पण त्या सभागृहात तिची मते एकत्र पडली, हे विसरता येत नाही.

भारत कोणत्या गटात होता?

कोणत्याच नाही. पाकिस्तान मात्र 1954 च्या आग्नेय आशिया करारात आणि 1955 च्या बगदाद करारात, म्हणजे पश्चिमेच्या बाजूच्या आघाड्यांत, होता. शस्त्रांच्या बाबतीत भारताने 1962 नंतर सोव्हिएत मिग-21 विमाने घेतली आणि नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ती बनवली. तेच विमान वॉर्सा कराराच्या हवाईदलांचा कणा होते. पण शस्त्र विकत घेणे आणि आघाडीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतावर परस्पर संरक्षणाचे बंधन नव्हते, आणि 1971 च्या भारत-सोव्हिएत करारातही सल्लामसलतीचेच कलम होते.

वॉर्सा करार कसा संपला?

9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली. 24 सप्टेंबर 1990 रोजी पूर्व जर्मनी करारातून बाहेर पडला आणि 3 ऑक्टोबरला जर्मनी एक झाला. 19 नोव्हेंबर 1990 रोजी पॅरिसमध्ये दोन्ही गटांनी मिळून शस्त्रांवर मर्यादा घातल्या : प्रत्येक बाजूला 20,000 रणगाडे, 20,000 तोफा, 30,000 चिलखती गाड्या, 6,800 लढाऊ विमाने आणि 2,000 हल्ला करणारी हेलिकॉप्टर. करार अमलात येण्याआधीच त्यातली एक बाजू नाहीशी झाली. 31 मार्च 1991 रोजी वॉर्सा कराराची लष्करी रचना बंद झाली आणि 1 जुलैला प्रागमध्ये, ज्या शहरात 1968 मध्ये त्याचे रणगाडे शिरले होते तिथेच, करार विसर्जित झाला. जर्मनीतला शेवटचा रशियन सैनिक 31 ऑगस्ट 1994 ला गेला.

नाटो पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही, असे वचन दिले होते का?

9 फेब्रुवारी 1990 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर हे मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याशी बोलताना तशा अर्थाचे शब्द वापरतात, याची नोंद आहे. संदर्भ जर्मनीच्या एकीकरणाचा होता आणि वॉर्सा करार तेव्हा जिवंत होता. 12 सप्टेंबर 1990 च्या लेखी करारात जे उतरले ते इतकेच : एकीकृत जर्मनीचे सैन्य 3,70,000 पर्यंत, आणि पूर्वीच्या पूर्व जर्मनीच्या भूमीवर परकीय फौजा किंवा अण्वस्त्रे ठेवायची नाहीत. पोलंड, हंगेरी यांच्याबद्दल एक शब्दही नाही. तोंडी बोलणे झाले, लेखी हमी नव्हती, आणि रशियाने ती मागून घेतली नाही. दोन्ही बाजूंचे समर्थक यातला अर्धाच भाग सांगतात.

पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी 12 मार्च 1999 रोजी नाटोत आले. 2004 मध्ये आणखी सात देश, त्यांत एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे सोव्हिएत संघात असलेले तिघे. फिनलँड 4 एप्रिल 2023 रोजी, स्वीडन 7 मार्च 2024 रोजी. आता सदस्य बत्तीस आहेत. फिनलँडच्या प्रवेशाने रशियाशी नाटोच्या सीमेत 1,300 किलोमीटरहून अधिक भर पडली.